सहानं गुणलेली खरखर

तुम्ही माझ्या बहिणीला मारलंत. ‘अनवधानाने’ हा शब्द तुमच्या अहवालातला आहे, तो तुमच्यापाशीच ठेवा. तुम्हाला आधी सांगितलं होतं, लिहून सांगितलं होतं, दोन ओळींत. पहिली ओळ तुम्ही उचललीत, दुसरी टाकून दिलीत. आणि जे केलंत त्याच्याखाली माझं नाव घातलंत.

मी कोण हे तुम्हाला पाठ आहे. वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो. पायगोंडा मगदूम, राहणार मिरज. नाव आजोबांचं. शिक्षण आयटीआय, तेही दुसऱ्या खेपेला. दोन वर्षं सतारीच्या कारखान्यात पॉलिश मारलं, पुढं मोबाईल दुरुस्त केले, मग तुमच्या चाचणी केंद्रात कंत्राटी ऑपरेटर झालो. तुमच्या बैठकांत मला ‘पल्सगोंडा’ म्हणायचे. हसायचे. मीही हसायचो, कारण पल्स माझीच चालायची.

पल्स काय ते सांगतो. अवघड नाही, अवघड करून सांगणाऱ्यांची पोटं त्यावर चालतात.

काही अणूंची केंद्रकं म्हणजे बारीक लोहचुंबकच. मोठ्या चुंबकात ठेवली की भोवऱ्यासारखी घुमतात. किती वेगानं, ते त्या अणूच्या शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. त्या वेगाशी जुळणारा रेडिओलहरींचा झटका दिला की ती कलंडतात, आणि कलंडून घुमताना आपापला सूर बाहेर सोडतात. हा झटका म्हणजे पल्स. सतारीला खाली तरफेच्या तारा असतात. वर सूर लागला की त्या सुराची तरफ हात न लावता झंकारते. तसंच हे. सूर ऐकायचे आणि कुठल्या सुराला किती जोर ते रेघेनं काढायचं. रेघ जिथं उठली तिथं तो पदार्थ आहे. माणसाला न कापता त्याच्या यकृतात काय चाललंय ते कळतं.

घोटाळा कडेला होतो. साधी पल्स बॅटरीच्या झोतासारखी असते, मध्ये लख्ख आणि कडेला अंधूक. मधल्या सुरांची केंद्रकं पुरती कलंडतात, कडेची जेमतेम हलतात. झोत वाढवावा तर आतला माणूस तापतो. म्हणून मी एकच झटका मारायच्या ऐवजी त्याचे सहाशे तुकडे केले. एका कडेच्या सुरापासून निघायचं आणि दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जायचं. कुठल्या तुकड्यात किती जोर, लहर किती पुढंमागं ढकलायची, हे कॉम्प्युटरनं ठरवायचं, चूक मोजायची, परत ठरवायचं. लाखो वेळा. शेवटी अशी पल्स निघाली की केंद्रक मधलं असो नाहीतर कडेचं, सगळी सारखी कलंडायची, आणि थोडक्या जोरात. तरी दोन झटक्यांच्या मध्ये शरीराला निवायला वेळ द्यायला लागायचा. एका पेशंटला चोवीस मिनिटं.

हे सगळं मी केलं ते शालनआक्काच्या गिरणीच्या मागच्या खोलीत. शालनआक्का माझी थोरली बहीण. दाजी गेल्यावर गिरणी तीच चालवायची. मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर पट्ट्याच्या आवाजात काढल्यानं ती घरातही ओरडूनच बोलायची. गल्लीला वाटायचं आमचं भांडण चाललंय.

"पायू! दिवस मावळाय लागलाय, जेवून घे. ते तुझं डबडं काय पळून जात न्हाई."

"आक्का, दहा मिनिटं. आता जुळतंय."

"दहा वर्सं ऐकतीय जुळतंय म्हणून. लग्न जुळलं न्हाई तुझं, आन् ह्ये काय जुळतंय!"

दिवस बुडायच्या आत जेवायचं हा आमच्या घराचा नेम. तिनं तो कधी मोडला नाही आणि मला कधी मोडू दिला नाही. ताट घेऊन खोलीत यायची. हात पिठानं पांढरे, की-बोर्डावर बोटांचे ठसे. सातव्या खेपेला पल्स जमली तेव्हा मी फाईलला नाव दिलं ‘शालन-७’.

"माझं नाव? मशिनीला?" ती म्हणाली. "दगड गुळगुळीत झाला, टाकी लावायला लागली की मी तुझ्या नावानं वरडतीय, तसं ती बिघडली की लोक माझ्या नावानं बोंबलतील की रं."

ती पल्स तुम्ही घेतलीत. शाल दिलीत. मी शाल आक्काच्या खांद्यावर टाकली. तिनं ती गिरणीच्या मोटरीवर पांघरली, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून.

आता औषधाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आतड्याच्या कॅन्सरवर एक जुनं, चांगलं औषध आहे. त्याच्यात फ्लोरिनचा एक अणू असतो. अंगात एरवी ऐकू येईल असा फ्लोरिन नसतोच, त्यामुळं फ्लोरिनचा सूर आला की तो औषधाचाच. आपलं यकृत हे औषध फोडतं आणि फुटलेल्या तुकड्याचा सूर मूळ औषधापासून लांब, पार कडेला लागतो. बहुतेकांचं यकृत फोडतं. हजारात दोघा-तिघांचं फोडतच नाही; जन्मतःच ती ताकद नसते. त्यांना पुरा डोस दिला तर औषध अंगात साचतं आणि तोंडापासून आतड्यापर्यंत सगळं सोलून काढतं. म्हणून आधी चिमूटभर डोस द्यायचा, माणसाला चुंबकात घालायचं आणि कडेची रेघ उठते का बघायची. उठली तर पुरा डोस. नाही उठली तर दुसरा इलाज. एवढंच. एवढ्यासाठीच ते केंद्र होतं आणि एवढ्यासाठीच माझी पल्स.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुमचा फोन आला. आठवतो?

"मगदूम, रांग फार वाढलीय. चोवीस मिनिटं परवडत नाहीत. साधी आखूड पल्स मारून कडेचं गणितानं भरून काढता येईल का?"

"सर, कडेचा आवाज सहापटीनं कमी येईल."

"मग सहानं गुणायचं!"

"बाटलीत चालेल. माणसात नाही चालणार."

"तुम्ही लिहून पाठवा."

मी लिहून पाठवलं. पहिली ओळ: बाटलीतल्या द्रावणासाठी गुणक सहा पूर्णांक एक. दुसरी ओळ: माणसासाठी वापरू नये, कारण कडेला रेघ नसेल तर खरखर गुणली जाईल.

एवढंच वाक्य होतं. शून्याला सहानं गुणलं तर शून्य येतं हे तुम्हालाही माहीत आहे. पण यंत्रात शून्य कधी नसतं, खरखर असते, रेडिओच्या दोन स्टेशनांच्या मध्ये असते तशी. खरखरीला सहानं गुणलं की आकडा येतो. आणि आकडा आला की तुमचं यंत्र म्हणतं, यकृत चांगलं आहे.

त्यानंतर तुम्ही मला प्रशिक्षक केलंत. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून नव्या ऑपरेटरांना सकाळची बाटली शिकवायची; पेशंटच्या तपासणीशी माझा संबंध सुटला. रोज केंद्र उघडलं की पहिली एक बाटली चुंबकात ठेवतात. तिच्यात औषध आणि फुटलेला तुकडा दोन्ही भरपूर. दोन्ही रेघा बरोबर उठल्या की यंत्र बरोबर. सगळे तिला इतकं मानतात की खंडेनवमीला यंत्राबरोबर बाटलीलाही झेंडू वाहतात. माळ दोऱ्यात ओवलेली, तारेत नाही, तार चुंबक ओढून घेईल. त्या बाटलीत सहाचा गुणक अगदी चोख चालतो. म्हणून अकरा महिने कुणालाच काही दिसलं नाही. रोज सकाळी बाटली पास व्हायची. मीच शिकवलं होतं, बाटली पास झाली की निर्धास्त राहा.

जानेवारीत आक्काच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर हंचनाळे म्हणाले, गाठ पूर्ण निघालीय, पण औषध घेतलं तर परत यायची भीती बरीच कमी होईल.

"म्या न्हाई घेणार," आक्का म्हणाली. दवाखान्याचा सगळा मजला ऐकत होता. "आमच्या गल्लीतली चंपाबाई त्याच औषधानं गेली. धा दिवसांत. तोंडात पाणी घालू देईना."

"आक्का, तेव्हा तपासणी नव्हती."

"आन् आता हाय?"

"आता मी आहे."

हे मी म्हणालो. तुम्ही नाही म्हणालात, मी म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं, गिऱ्हाइकानं आणलेल्या जोंधळ्यात मूठ घालून दाणा बघावा तसं, आणि म्हणाली, "तुझ्या मशिनीवर माझं नाव हाय न्हवं? मग घालतोस तर घाल."

घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा नियम. म्हणून नसीमा मुल्ला होती कन्सोलवर. नसीमा माझ्या हाताखाली शिकलेली, कामाला पक्की. मी काचेच्या अलीकडं उभा. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात अक्षरं होती: शालन-७. चिमूटभर डोस दिला, आक्का आत गेली. आतूनही तिचा आवाज येत होता.

"नसीमा, ह्येच्यात झोप लागंल की गं. माझ्या गिरणीपेक्षा लहान आवाज हाय!"

"हलू नका आक्का, बोलू पण नका."

"बोलू नको म्हटल्यावर जगू कशी?"

नऊ मिनिटांत झालं. मी विचारलं, "नऊ?"

"नवीन कॉइल आलीय दादा. लवकर होतंय आता सगळं."

मला आनंद झाला. खरं सांगतो. आपल्या पल्सला चांगली कॉइल, म्हणजे सूर ऐकणारं तारेचं वेटोळं, मिळाली म्हणून आनंद झाला.

पडद्यावर हिरवी खूण. आधी आम्ही रेघ बघायचो. आता तुम्ही ती झाकून टाकली होती; ऑपरेटरचा गोंधळ नको म्हणून नुसती हिरवी किंवा लाल खूण. कच्ची रेघ उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. बाहेर रांग होती. नसीमानं विचारलंसुद्धा, "दादा, उघडू का रेघ?"

मी म्हणालो, "कशाला? पल्स माझी आहे."

सोमवारी पुरा डोस थेंबथेंब अंगात सोडणारा पंप लावला, बुधवारी दुपारी काढला. गुरुवारी आक्काच्या जिभेवर फोड आले. शुक्रवारी तिला भात गिळता येईना. तिची सगळी बोलणी निम्म्या आवाजावर आली, आणि गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, गिरणी बंद हाय का?

"पायू, ह्ये चंपाबाईवानी होतंय."

"या औषधानं तोंड येतंच, आक्का. सगळ्यांना येतं. तुझी तपासणी झालीय. हिरवी आलीय."

"हिरवी," ती म्हणाली, आणि पलीकडं तोंड करून झोपली.

आता हे वाचा आणि लक्षात ठेवा. या विषावर उतारा आहे. पंप काढल्यापासून चार दिवसांत दिला तर माणूस वाचतो. पाचव्या दिवशी द्यायचा म्हणून देतात. आक्काचे चार दिवस रविवारी दुपारी संपत होते. शनिवारी तिला जुलाब सुरू झाले. मी हंचनाळेंना फोन केला. ते म्हणाले, "तपासणी नॉर्मल आहे ना? मग घाबरू नका. पाणी पाजत राहा." त्यांनी रिपोर्टकडं बघितलं आणि मी माझ्या पल्सकडं. आक्काकडं कुणी बघितलं नाही.

रविवारी तिचा ताप चढला आणि तिला दवाखान्यात हलवलं. तिथं रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. सोमवारी केंद्र उघडायच्या वेळेला मी दारात उभा होतो. नसीमानं कुलूप काढलं, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता कन्सोल चालू केला.

"रेघ उघड."

तिनं उघडली. मध्ये औषधाची रेघ, उंच, सुबक. कडेला काही नाही. नुसती खरखर, माळावरच्या कुसळांसारखी. यंत्रानं त्या कुसळांना सहानं गुणलं होतं, त्यातलं सगळ्यात उंच कुसळ धरलं होतं आणि हिरवी खूण केली होती.

"दादा, हे कसं... शालन-७ ला कडेचं दिसतंच की."

"फाईल उघड."

सहाशे तुकडे असायला पाहिजेत. चाळीस होते. आखूड, साधी पल्स. तिला तुम्ही नाव तेवढं जुनं ठेवलं होतं, कारण नवं नाव दिलं असतं तर नवी मंजुरी घ्यावी लागली असती. खाली गुणक: सहा पूर्णांक एक. त्याच्याखाली: ‘स्रोत, पा. मगदूम.’

नसीमा रडायला लागली. "मी दाबलं ना बटण. माझ्या हातानं दाबलं."

"तू विचारलं होतंस," मी म्हणालो. "मी नको म्हणालो."

हंचनाळेंनी पुण्याला फोन केले. उतारा संध्याकाळी आला. पाचव्या दिवसाची संध्याकाळ. त्यांनी दिला, पण माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

आक्काला मी सांगितलं. सांगू नको असं सगळे म्हणत होते. पण आयुष्यात तिनं कुणाला कधी खोटं वजन दिलं नाही. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. पल्स, गुणक, खरखर. तिला कळलं. गिरणीत दगड रिकामा फिरला तरी आवाज येतो, पीठ येत नाही, हे तिला शिकवायला नको होतं.

तोंडात जागा नव्हती बोलायला. ओठ हलले, मी कान लावला.

"तुझी न्हवती न्हवं ती?"

"नाव माझंच होतं, आक्का. मी बघितलं नाही."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. ती तसली नव्हती.

"माझं नाव काढ त्येच्यावरनं."

"काढतो."

"माझ्या आधी किती जणं?"

ती माझ्याकडं बघत राहिली, उत्तर मिळेपर्यंत पोत्याला हात लावू देणार नाही अशी. ते तिचं शेवटचं बोलणं. गुरुवारी सकाळी ती गेली. बावन्न वर्षांची होती.

मी नंतर मोजलं. अकरा महिन्यांत या एका केंद्रात सहा हजार माणसं त्या आखूड पल्सखालून गेली. हजारात दोनच धरले तरी बारा होतात. एक माझी बहीण. बाकीचे अकरा कोण? त्यांच्या घरच्यांनी काय समजून घेतलं असेल? कीमो सोसली नाही. कॅन्सरनंच नेलं. नशीब. कुणा भावानं म्हटलं असेल, तोंड येतंच, सगळ्यांना येतं.

तुमची चौकशी समिती आली. तिघे होते. चहा घेतला, बाटली मागवली, बाटली चुंबकात घातली, बाटली पास झाली. मग तुमच्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं.

"मगदूम, तुमच्या भावना आम्ही समजतो. ऑपरेटर मुल्ला यांनी कच्ची रेघ तपासायला हवी होती, एवढंच निवेदन द्या. तुमच्यावर काही येणार नाही."

"तिनं विचारलं होतं. मी अडवलं. माझ्यावर घाला."

"तसं नको. पल्स तुमच्या नावावर आहे. मग सगळ्याच तपासण्यांवर प्रश्न येईल."

बघा, किती सरळ बोललात. प्रश्न येईल, हीच तुमची भीती. माणसं गेली त्याची नाही.

मी सही केली नाही. तुम्ही नसीमाला घरी बसवलंत. मला प्रशिक्षणावरनं काढलंत. माझी खरी पल्स, सहाशे तुकड्यांची, मी तुम्हाला परत पाठवली, फुकट, नाव काढून. आज घाला म्हटलं, चोवीस मिनिटं घेऊ द्या. त्या सहा हजारांतल्या प्रत्येकाच्या कच्च्या रेघा तुमच्याकडं साठवलेल्या आहेत. उघडून बघायला माणशी दोन मिनिटं. ज्यांचा पंप अजून लागायचाय, त्यांना आज फोन करता येतो. मी चार पत्रं लिहिली. ‘विषय विचाराधीन आहे,’ एवढं उत्तर आलं.

म्हणून मी तीन आठवडे रोज तुमच्या केंद्राच्या फाटकासमोर बसतोय. वॉचमन ओळखीचा आहे, तो उठवत नाही. मी घोषणा देत नाही, कुणाला अडवत नाही. अडवून सांगू काय? औषध चांगलं आहे. तपासणीही चांगली आहे, केली तर.

आज सकाळी जतकडचे एक गृहस्थ आले, बायकोला घेऊन. तिच्या हातात फाईल, डोक्यावरनं पदर. त्यांना वाटलं मी केंद्राचाच माणूस आहे. माझ्यासमोर उकिडवे बसले.

"दादा, हिला पंप लावायच्या आधी हितं तपासाय सांगितलंय. हिरवं आलं की औषध द्यायचं म्हणत्यात. ह्येच्यावर भरवसा ठेवावा का ओ?"

बाई माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, थांबा, विचारून सांगतो.

ते दोघं अजून फाटकापाशी बसलेत. अकराला त्यांचा नंबर आहे. आत कुठली पल्स लावलीय? सांगा. मी त्यांना काय सांगू?